हळदसुद्धा

ही गोष्ट २०२३ सालची, संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधल्या दिवसांतली. त्या दिवसांत सोफे धुणाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते. घरोघरी हळदीकुंकू असतं, आणि येणाऱ्या बायका वाणाआधी घर बघून घेतात.

नंदा डोंबिवलीची. तिच्या सासऱ्यांचा तिथे गाद्यांचा कारखाना होता. तेव्हा सोफा म्हणजे सागवानी सांगाडा आणि त्यावर काथ्याच्या सुट्या गाद्या. डाग पडला की गादी उलटी करायची. दुसऱ्या बाजूलाही पडला की खोळ काढून धुवायची, आणि खोळ विरली की जुन्या पडद्याची नवी शिवायची. पोरं त्या गाद्यांवर उड्या मारून मोठी झाली, पण कोणाच्या पोटात गोळा आला नाही. मग शोरूमचे सोफे आले, कापड सांगाड्यालाच ठोकलेलं आणि रंग सायीचा. कारखाना बंद पडला, तेव्हा नंदाने आणि तिच्या नवऱ्याने, सहदेवने, सोफे धुण्याचं मशीन घेतलं.

धुण्यात पोट भरायचं, पण हाताशी काही उरायचं ते कोटिंगमध्ये. धुतलेल्या कापडावर एक द्रव फवारायचा. मग सांडलेला चहा लगेच आत मुरत नाही, वरच्या वर टिपून घेता येतो. सहदेव मशीन चालवायचा आणि कोटिंग विकायची नंदा. विकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीतून तिचं निम्म्याहून जास्त काम यायचं. आसावरी त्या सोसायटीची सेक्रेटरी. गेटातून कोणत्या कामवाल्याला सोडायचं, हे तीच ठरवायची. त्यामुळे आसावरीने स्वतःच्या सोफ्यासाठी बोलावलं, तेव्हा नंदा इस्त्रीचा ड्रेस घालून गेली.

धुणं उरकत आल्यावर तिने भाव सांगितला. "कोटिंग सीटमागे सहाशे. सात सीट."

"सात कुठून आणल्या? सहा आहेत."

"कोपरा धरला ना, मॅडम."

"कोपऱ्यात कोण बसतं हो?"

"चहा सांडणारा पाहुणा नेमका तिथेच बसतो."

आसावरीच्या सासूबाई, सुमतीबाई, खिडकीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साठ रुपयांत आम्ही आख्ख्या सोफ्याच्या खोळी शिवायचो."

"तेव्हा सोफाही तेवढ्याचाच असेल, आजी."

"आजी कोणाची गं? काकू म्हण."

"आई, तुम्ही मध्ये पडू नका," आसावरी म्हणाली. "आणि खुर्ची जरा मागे घ्या, सोफ्याला घासतेय." मग नंदाकडे वळून, "चारशे देईन. कोलशेतचा एकजण साडेतीनशेत करतो."

"मग त्यालाच बोलवा. त्याचं कोटिंग काढायला पुढच्या वर्षी मी आहेच."

नंदाने पिशवीतून कोटिंग केलेला कापडाचा तुकडा काढला आणि आसावरीच्याच कपातला गार झालेला चहा त्यावर ओतला. थेंब मण्यांसारखे घरंगळले. तुकडा कोरडाच्या कोरडा.

"गार चहा आहे म्हणून," सुमतीबाई पुटपुटल्या. कोणी लक्ष दिलं नाही.

आसावरीने तुकडा उलटसुलट करून पाहिला. "परवा माझ्याकडे हळदीकुंकू आहे. हळद सांडली तर?"

हळद कोणत्याच कोटिंगचं ऐकत नाही, हे नंदाला पक्कं ठाऊक होतं. पण भाव चारशेवर अडून बसला होता, आणि समोरची बाई तिला पहिल्यापासून भाजीवालीसारखी तोलत होती.

"हळदसुद्धा," नंदा म्हणाली. "सहाशेत हळदसुद्धा."

सहदेवने मशीन बंद केलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाठ करून आसावरीला सांगत राहिली, "काही सांडलं तर कोरड्या फडक्याने फक्त टिपायचं. घासायचं नाही. साबण तर मुळीच नाही."

सहाशेच्याच भावाने कोटिंग करून परतताना टेम्पोत सहदेव म्हणाला, "हळद बोललीस तू."

"बोलले. तुम्ही बोलला असतात तर चारशेला सोडून आला असतात."

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सोसायटीत दुसरं काम होतं. गेटावर सिक्युरिटीने टेम्पो अडवला. "सेक्रेटरी मॅडमने एंट्री बंद केलीय."

बायकांच्या ग्रुपवर फोटो फिरत होता. सोफ्याच्या हातावर तळव्याएवढा लालभडक डाग, आणि खाली ओळ: 'नंदाताईंचं कोटिंग. बघा आणि शहाण्या व्हा.' दुपारच्या आत दोन घरांनी काम रद्द केलं. नंदाने आसावरीला फोन लावला. "वर घेता की गेटावरच बसू? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला माझी बाजू सांगेन."

आसावरीने वर घेतलं. दारातच तिचं तोंड सुटलं. "तबक कलंडलं, एवढीशी हळद सांडली. पिवळी हळद तुमच्या केमिकलने लाल केली! उद्यापर्यंत पैसे परत आणि ग्रुपवर माफी. नाहीतर या गेटाचं नाव विसरा."

नंदा वाकली. डागाला धुण्याच्या वडीचा वास येत होता. "हळद आपोआप लाल होत नाही, मॅडम. साबण लागला की होते. कोणी लावला?"

"माझ्या घरात कोणी लावला नाही. आई, तुम्ही हात लावलात?"

"मी कशाला लावू?" सुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पदराखाली घेतले.

नंदाची नजर गॅलरीत गेली. दोरीवर एक फडकं वाळत होतं, मऊ सुती साडीचं, चारी बाजूंनी टीप मारलेलं. त्यावर तोच लाल डाग. आसावरीच्या घरात डाग टिश्यूने पुसले जात. जुन्या साडीला टीप मारून फडकं करणारी बाई या घरात एकच होती.

नंदाने पाहिलं, म्हातारीनेही तिला पाहताना पाहिलं. ही गोष्ट झाकून न्यावी, असं नंदाच्या मनात येऊन गेलं. पण झाकली तर गेट जात होतं.

"ते फडकं कोणाचं, विचारा," तिने बोट दाखवलं.

आसावरी गॅलरीत जाऊन फडकं घेऊनच आली आणि तिने ते सासूच्या मांडीवर टाकलं. "सोफ्याला हात लावायचा नाही, हे किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

सुमतीबाई खुर्चीचा दांडा धरून उठल्या. "हो, लावला साबण. तू बायकांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलेलीस, मला वाटलं तू येईपर्यंत डाग जाईल. नाही गेला." मग त्या नंदाकडे वळल्या. "आणि तू गं? 'हळदसुद्धा' म्हणालीस की नाही? मी इथेच बसले होते. तुझ्या सहाशेत हळदसुद्धा होती, तर मला साबण शोधायची वेळ का आली?"

सहदेव फरशीकडे बघत उभा होता.

"म्हणजे दोघीही खोटं बोलताय," आसावरी म्हणाली. "छान. एकीला बाहेर काढता येतं, तिला काढते. ताई, तुमचं गेट बंद."

दारात चपला घालताना नंदा वळून म्हणाली, "लिंबू चोळा. लाल जाऊन पिवळं होईल. मग कडक ऊन द्या."

"ते मला ठाऊक आहे," सुमतीबाई कडाडल्या. "आख्खा सोफा उन्हात नेऊ कसा, सांग! सुटी गादी असती तर एव्हाना उलटी करून मोकळी झाले असते."

अगदी हेच नंदाच्याही ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

ते गेट नंदाला पुन्हा उघडलं नाही. आसावरीने सोफ्याला शिवून घेतलेलं महागडं कव्हर घातलं. त्याखाली डागाला ऊन कधी लागलंच नाही, त्यामुळे तो अजून आहे म्हणतात. सेक्रेटरीही तीच आहे. सुमतीबाई त्या वर्षीच्या पाडव्याआधीच आपल्या डोंबिवलीच्या जुन्या ब्लॉकमध्ये राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, कशालाच हात लावायचा नाही अशा घरात मी हात ठेवू कुठे? सहदेवची कंबर मशीन उचलून उचलून गेली. आता तो कल्याणच्या गिऱ्हाइकांना वडिलांसारख्या सुट्या गाद्या शिवून देतो, आणि त्याला मागणी आहे. नंदा एका मदतनीस बाईला घेऊन डोंबिवलीतच कामं करते. भाव सहाशेच सांगते, आणि भावाच्या आधी सांगते, "पाणी, चहा, कॉफी. हळद नाही, तेल नाही." निम्मी गिऱ्हाइकं तिथेच उठतात.

गेल्या संक्रांतीला सुमतीबाईंनी तिला बोलावलं. सागवानी सोफा, सुट्या गाद्या.

"माझ्या सोफ्याला कोपरा नाही, आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "हळद चालेल?"

"नाही चालणार, काकू."

"मग सहाशे कशाचे?"

तासभर दोघी भांडल्या. फडक्याचा विषय दोनदा निघाला, चहाच्या थेंबांचाही. कोटिंग झालं नाही. चहा झाला, गरम, आणि तो नंदाने उभ्यानेच घेतला.