व्हर्नेलच्या वाटणीचे डबे

"झाकण उघडू नकोस म्हटलं ना!" ट्रकखालून विल्बर्ट ओरडला. "सारखं सारखं काय बघतोस त्यात? कोंबडी अंड्यावर बसलीय का?"

क्लिओफस नार्सिसने हात मागे घेतला. ट्रकच्या हौद्यावर बसवलेल्या त्या चिमुकल्या खोलीत एक पलंग होता, एक शेगडी होती, आणि आता पलंगाच्या पायथ्याशी नवा फ्रिज आला होता. फ्रिज म्हणजे दोन कड्यांची एक पेटीच. उचलून कुठंही न्यावी अशी. पट्ट्यांनी ती जमिनीशी आवळून टाकली होती. आत आइस्क्रीमचे दोन जुने डबे होते, दगडासारखे गोठलेले, झाकणांवर लाल चिकटपट्टी.

विल्बर्ट सरपटत बाहेर आला. शेजारी राहून म्हातारा झालेला माणूस. त्याला बोलण्याचा हक्क होता.

"नीट ऐक, क्लिओ. ही वायर तात्पुरती आहे. गाडी चालू, तर पेटी चालू. किल्ली फिरवलीस की पेटी मेली. मुक्कामाला थांबलास की ही विजेची लांब दोरी काढायची आणि कुणाच्या तरी घरच्या विजेला लावायची. सोमवारपर्यंत थांबलास तर दुसरी बॅटरी बसवून देतो, मग कशाची काळजी नाही."

"सोमवारी हे घर माझं नसेल. आज दुपारी किल्ल्या द्यायच्यात."

"मग माझ्याकडे राहा की! माझं घर काय पाण्यात बुडालंय?"

क्लिओफस हसला नाही. समोर रिकाम्या घराची दारं उघडी होती आणि आतला मोठा फ्रीझर सकाळीच कोणीतरी घेऊन गेलं होतं. या दोन डब्यांना आता लुइझियानात जागा नव्हती.

दर नाताळाला त्याची बायको अर्लीन मोठ्या हंड्यात गम्बो, म्हणजे दाट रस्सा, करायची. पीठ तेलात इतकं परतायची की त्याचा रंग जुन्या जोड्यासारखा व्हायचा. मग खेकडे, कोळंबी, भेंडी. घरदार जेवायच्या आधी ती दोन डबे भरून बाजूला काढायची. "हे व्हर्नेलच्या वाटणीचे." व्हर्नेल, त्यांची एकुलती एक लेक, दूर अल्बुकर्कीत नर्स होती. लग्नावरून आईशी बिनसलं, त्यानंतर ती नाताळाला कधी आली नाही. ईस्टरआधीचे, मांस टाळून मासळी खायचे उपासाचे दिवस आले की अर्लीन मुकाट्याने तेच डबे काढून नवऱ्याला वाढायची. तोही मुकाट्याने जेवायचा. आपण लेकीच्या ताटातलं खातोय असं त्याला दरवर्षी वाटायचं.

यंदा उपासाच्या दिवसांतच अर्लीन गेली. डबे राहिले. व्हर्नेल मातीला आली, सगळं उरकल्यावर जेवणाला न थांबता संध्याकाळच्या विमानाने परत गेली. तिला जायचंच होतं, कोणी अडवलं नाही. मग घर विकायचं ठरलं तेव्हा तिचाच फोन आला. "बाबा, इकडं या राहायला." आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "आईचा गम्बो उरलाय का हो थोडा?"

त्या एका प्रश्नासाठी ही पेटी घेतली होती. हा ट्रकही अर्लीननेच हट्टाने घ्यायला लावला होता, म्हातारपणी भटकायला. एकदाही त्यात निजली नाही.

"प्रभू सांभाळो," विल्बर्ट म्हणाला, आणि पाठ फिरवून उगाच हत्यारं पुसत बसला.

*

टेक्सासात शिरल्यावर उन्हं उतरायच्या सुमाराला त्याला रस्त्याकडेचं एक पांढरं चर्च दिसलं. अंगणात पाच-सहा बायका टेबलांवर चादरी अंथरत होत्या. दुसऱ्या दिवशी चर्चचा वर्धापनदिन होता. गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी परत येतात. आमच्या काळ्या लोकांना शनिवारी संध्याकाळी असं चर्च दिसलं की पाय पुढे जात नाही. क्लिओफसने गाडी आत घातली आणि आपणही गावच्या चर्चचा डीकन, म्हणजे पाळकांचा मदतनीस, असल्याचं सांगितलं.

"डीकन आहात होय?" ओडेसामाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पांढरी टोपी, हातात पंखा. चर्चच्या सगळ्यात वडील बाई. "मग उद्या सकाळी गीत तुम्हीच उचलायचं. आमच्या डीकनांचा घसा बसलाय. त्यांच्या गाण्यापेक्षा बैलगाडीची करकर बरी."

"माई, वसंतापासून मी गायलो नाही. बायको गेली."

"म्हणून तर म्हणतेय," माई म्हणाल्या, आणि विषय संपला.

हॉलिस नावाच्या विश्वस्ताने त्याला अक्रोडासारख्या पेकनच्या झाडाजवळचा दिव्याचा खांब दाखवला. खांबावर पिन लावायची जागा होती. क्लिओफसने दोरी लावली, पेटी घरघरली, वर हिरवा दिवा लागला. तो निर्धास्त झाला. रात्री केव्हातरी घरघर थांबल्याचं त्याला झोपेतही कळलं. पण पुरेसं गार झालं की यंत्र आपोआप थांबतं, असं विल्बर्टने सांगितलंच होतं. त्याने कूस बदलली.

सकाळी तो कपडे करून उतरला तेव्हा पेटीवर हात ठेवला, पण झाकण उघडलं नाही. गारवा बाहेर जाऊ द्यायचा नव्हता. दिव्याची जागा त्याने रात्री अंगावरून काढून टाकलेल्या कोटाखाली झाकली गेली होती.

चर्च भरलेलं होतं. तो पुढे उभा राहिला, घसा खाकरला, आणि गीताची पहिली ओळ बोलल्यासारखी म्हणून दिली. मग सगळ्या माणसांनी ती ओळ उचलली, लांबवली, इतकी लांबवली की त्यातल्या एकेका शब्दात आयुष्य मावावं. दुसरी ओळ देताना त्याचा आवाज फाटला. कोणी थांबलं नाही. त्याच्या फाटलेल्या आवाजाला लोकांनी खालून आपल्या आवाजाचा टेकू दिला. तिसरी ओळ त्याने मोकळ्या गळ्याने दिली. पुढल्या बाकावर ओडेसामाई डोळे मिटून डोलत होत्या.

मग पाळक उभे राहिले. दुष्काळातल्या त्या विधवेची गोष्ट, जिच्या मडक्यात मूठभर पीठ उरलं होतं आणि जी म्हणाली, आता हे खाऊ आणि मरू. सुरुवातीला पाळक साधं बोलत होते. मग शब्दांना ठेका आला, ठेक्याला सूर, आणि बोलणं कुठे संपलं, गाणं कुठे सुरू झालं, कळेना. "तिने हात घातला," पाळक गात होते, "आणि मडक्यात..." "होतं!" सगळं चर्च म्हणत होतं. "दुसऱ्या दिवशी हात घातला..." "होतं!" असा उपदेश ज्याने ऐकलाय त्यालाच ठाऊक, त्या वेळी माणूस किती हलका होतो. क्लिओफसला मधेच पेटीची आठवण झाली. एकदा बघून यावं म्हणून, आमच्या रीतीप्रमाणे, मधेच उठल्याची माफी म्हणून, एक बोट वर करून तो वाकून उठला. पाळकांनी तिथूनच त्याला हाक दिली.

"पाहुणे, मडकं अजून सरलं नाही! बसा!"

लोक हसले, तोही हसला आणि बसला. असं गाणं सोडून कोणी जातं का?

*

उपासना झाली, अंगणात जेवणं झाली. सावल्या लांबल्यावर तो ट्रककडे आला. दार उघडताच आतून भट्टीसारखी झळ आली. कोट उचलला. हिरवा दिवा नव्हता.

त्याने झाकण उघडलं.

ओडेसामाईंना दिसलं ते एवढंच, की पाहुणा ट्रकच्या पायरीवर बसलाय आणि मांडीवर दोन डबे आहेत. जवळ गेल्यावर त्यांना वास आला. एका डब्याचं झाकण फुगून वर आलं होतं.

"हॉलिस!" त्यांनी हाक मारली. "इकडं ये आधी!"

हॉलिसने खांबाकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. "माई... रात्री कुलूप लावताना मी बाहेरच्या विजेचा खटका पाडला. नेहमीच पाडतो. माणसं गेल्यावर तिची गरजच नसते... डीकन, मला सुचलंच नाही हो."

"तुझा काय दोष?" क्लिओफस म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "आमच्या चर्चची कुलपं माझ्याकडे होती. शेवटी निघताना मीही तो खटका पाडायचो. म्हातारा होईपर्यंत तेच केलं. मलाच कळायला हवं होतं."

"बर्फ आणू? लगेच गार केलं तर..."

"गप, हॉलिस," माई हळू म्हणाल्या. मग क्लिओफसकडे वळल्या. "कुणाचं होतं?"

"लेकीचं. तिच्या आईच्या हातचं शेवटचं."

माईंनी पंखा मिटला. "गटारात नाही जायचं ते. हॉलिस, फावडं आण."

पेकनच्या झाडाखाली खड्डा झाला. क्लिओफसने डबे स्वतः रिकामे केले. माती लोटताना बायका कधी जवळ येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. कोणीतरी तोंड न उघडता सकाळचंच गीत धरलं. नंतर माईंनी डबे धुवायला हात पुढे केला.

"मी धुतो," तो म्हणाला.

*

अल्बुकर्कीत व्हर्नेल दारातच उभी होती. वाटेतून फोनवर त्याने सगळं सांगितलं होतं. ती तेव्हा नुसतं म्हणाली होती, "सावकाश या."

ट्रकच्या मागच्या दारातून ती आत चढली आणि गुडघे टेकून पेटीपाशी बसली. आत दोन्ही रिकामे डबे होते, झाकणं लावलेले, लाल पट्टी तशीच.

"टाकून नाही दिलेत?"

"नाही जमलं."

तिने एक डबा उचलला, झाकणाची कड किंचित उचकटली आणि नाक त्या फटीला लावलं. करपत आलेल्या पिठाचा, खेकड्याचा, घरचा वास. कितीही घासला तरी त्या प्लॅस्टिकमधून तो जात नाही. तिचे खांदे एकदा हलले.

मग वास उडून जाऊ नये म्हणून तिने घाईघाईने झाकण दाबून बसवलं, चारही बाजूंनी अंगठ्याने तपासलं, आणि डबा परत जागेवर ठेवला.

"बाबा," ती तोंड न वळवता म्हणाली, "ही दोरी कुठं लावायची?"

त्याने अंगणातल्या भिंतीवरची जागा पाहिली, पिन लावली, आणि दोघंही हिरवा दिवा लागेपर्यंत थांबली. पेटी घरघरू लागली.