सही की अंगठा

शिपायाने चिखलाच्या चपला दाराबाहेर काढल्या, पिशवीतून लिफाफा काढला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी तो उचलला नाही. फळ्यावर भागाकार चालला होता. तो त्यांनी पुरा केला, बाकी किती उरली ते मुलांकडून वदवून घेतलं आणि मग हातांचा खडू झटकला.

"मी हा घेत नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत होतं," शिपाई म्हणाला आणि समोरच्या बाकावर बसला. बाक पहिलीच्या मुलांचा होता. त्याचे गुडघे हनुवटीला टेकायला आले, तशी मुलं खुदखुदली.

लिफाफ्यात काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. बाई निलंबित, शाळा बंद. निमित्त असं की, नऊ वर्षं शाळा चालूनही या डोंगरातल्या वस्तीत एकालाही वाचता येत नाही. खरी गोष्ट वेगळीच होती. शिक्षण खात्यातल्या साहेबांना इथली एकोणीस मुलं बारा मैलांवरच्या वसतिगृहात हलवायची होती. तिथे कुणी या लोकांची भाषा बोललं की त्याला तासभर उभं करत. बाईंनी त्याविरुद्ध अर्जांमागून अर्ज केले. मग लोकांना भडकवतात म्हणून पोलिसांनी त्यांना दोनदा ठाण्यात नेऊन दिवस दिवस बसवून ठेवलं. बाईंनी तिथे बसून वह्या तपासल्या. अशा बाईचं काय करावं हे साहेबांना उमजेना, म्हणून शेवटी हा कागद.

दहा दिवसांनी बाहेरचे परीक्षक येणार होते. तोवर शाळा उघडी राहिली तर एकोणीस मुलांचे गुण सरकारी दप्तरात जाणार होते, आणि मग वाचता येत नाही असं म्हणायची सोय साहेबांना उरणार नव्हती. बाईंना फक्त दहा दिवस हवे होते. हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, कारण मुलं घरी रोज तेवढंच बोलत होती.

"तुम्ही घेत नसाल तर दाराला चिकटवायचा," शिपाई म्हणाला. "पण आधी वस्तीतल्या एका मोठ्या माणसाने वाचून सही करायची. अंगठा चालत नाही. मागे एका वस्तीत अंगठे घेतले, तर कोर्टाने ते कागद उलटपावली परत पाठवले. म्हणे, ज्याला वाचता येत नाही तो कसली साक्ष देणार?"

"घ्या मग सही," बाई म्हणाल्या. "इथे कुणालाच वाचता येत नाही, असं तुमच्याच कागदात आहे ना?"

शिपाई हसला नाही, पण त्याच्या मिश्या हलल्या. तो अडीच तास चढून आला होता आणि साहेबांच्या अकलेचा विचार करायला त्याला वाटेत भरपूर वेळ मिळाला होता. पण नोकरी म्हणजे नोकरी. त्याने वर्गावरून नजर फिरवली.

"काय रे, कुणाच्याच घरात वाचणारं माणूस नाही?"

"माझी आई!" तिसरीतली एक मुलगी ताडकन उभी राहिली. "माझी आई वाचते. मीच शिकवलं तिला!"

बाईंनी तिला बसायची खूण केली. एरवी याच वाक्यासाठी त्यांनी पोरीला कडेवर उचलून घेतलं असतं. त्या काही बोलायच्या आत ती दाराबाहेर पळालीसुद्धा.

आई आली ती ओल्या हातांनीच. मुलगी तिला मनगटाला धरून ओढत होती. शिपाई उठून उभा राहिला आणि त्याने कागद पुढे केला.

"वाचा, ताई. मग खाली सही करा."

आईने हात पुसून कागद घेतला. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. पानाच्या तळाशी एक वाक्य अर्धंच राहिलं होतं, बाकीचं मागच्या बाजूला होतं. आईने पान उलटलं, ते वाक्य संपवलं आणि कागद शिपायाच्या हातात परत दिला.

"मला नाही येत वाचता," ती म्हणाली.

"आई! येतं की तुला!"

"नाही येत."

"अगं, काल अख्खा धडा वाचलास!" मुलगी बाईंकडे वळली. "बाई, तुम्ही सांगा ना."

बाई कधी खोटं बोलल्याच नव्हत्या असं नाही, पण मुलांच्या देखत कधी बोलल्या नव्हत्या.

"नाही येत तिला," त्या म्हणाल्या.

त्यांना स्वतःची शरम वाटली. मुलीच्या आईचा अभिमानही वाटला, इतका की डोळे भरून आले आणि उगाच नाक शिंकरावं लागलं. मुलगी मात्र सगळ्या वर्गासमोर खोटी पडली होती. ती जागेवर जाऊन बसली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

शिपाई कागदाकडे बघत होता. मग त्याने तो उलटून मागची बाजू पाहिली.

"ताई, तुम्ही पान उलटलंत."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"अंगठ्याची जागा शोधत होते," आई म्हणाली. "कुठे द्यायचा?"

शिपायाने कागद पुन्हा सरळ केला. खोटं खपवल्याचं उघडकीला आलं असतं तर पुढचा लिफाफा त्याच्याच नावाचा निघाला असता. त्याने पिशवीतून शाईची डबी काढली, झाकण उघडून बाकावर ठेवली आणि कागदावर बोट टेकवलं.

"इथे."

आईने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. या अंगठ्यापासून सुटायला तिला दीड वर्ष लागलं होतं. रोज संध्याकाळी, लेकीशेजारी बसून. ठसा स्वच्छ उमटला.

शिपायाने फुंकर मारून तो वाळवला. "साहेब हा परत पाठवणार. मला पुन्हा चढायला लावणार."

"दहा दिवसांनी या, दादा," आई म्हणाली. "तोवर शिकून घेते."

मुलीने भिंतीकडचं तोंड हळूच वळवलं. आधी तिने आईकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बरं," शिपाई डबीचं झाकण लावत म्हणाला. "तेव्हा ही आणत नाही."