पखुर्डीची जागा

नारायणरावांनी पेंढा भरलेली पखुर्डी, म्हणजे माळरानावरचा पारव्यासारखा दिसणारा पक्षी, पारव्यांच्या कपाटातून काढली आणि दोन्ही हातांत धरून टिटव्यांच्या कपाटाकडे नेली. मागून विमल डिंकाची बाटली घेऊन चालली. बुलडाण्याच्या कॉलेजातला हा पक्ष्यांचा संग्रह त्यांनी स्वतः उभा केला होता, आणि विमल, त्यांची लेक, तिथंच बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती.

“आजवर पारव्यासारखी दिसते म्हणून पारव्यात बसवली,” ते म्हणाले. “पण पारवा चोच बुडवून पाणी ओढते, हे मान वर करून घोट गिळते. हिची पिल्लं टिटवीच्या पिल्लावानी पहिल्या दिवशीच पळतात. पूर्वज कोण ते पाहाचं. बाकी सारं वरवरचं.”

“पण राह्यली त पारव्यातच ना इतकी वर्षं,” विमल हसत म्हणाली.

“राहून काय होते?”

पुढे शास्त्रज्ञांचंच मत फिरलं आणि त्यांनी पखुर्डी पुन्हा पारव्यांजवळ आणून बसवली. पण ही गोष्ट सत्तर सालची. तेव्हा हे मत नवंकोरं होतं आणि नारायणराव नव्या मताच्या अगदी प्रेमात पडलेले होते.

दाराशी अर्जुनराव उभे होते. साखरखेर्ड्याहून पहिल्या एसटीनं आले होते. ते सत्यभामाबाईंचे, म्हणजे नारायणरावांच्या पत्नीचे धाकटे भाऊ, आणि विमलचे जन्मदाते. बाळंतपणात बायको गेली तेव्हा त्यांनी तान्ही पोर बहिणीच्या ओटीत घातली. दत्तकविधी वगैरे करायचं कुणाला सुचलंच नाही. विमलला हे सगळं ठाऊक होतं. तरी ती अर्जुनरावांना मामा म्हणे आणि नारायणरावांना बाबा. तिचं लग्न महिन्यावर आलं होतं.

“दाजी, एक मागाचं होतं,” अर्जुनराव म्हणाले. टोपी त्यांच्या हातात फिरत होती. “कन्यादानाले मी बसतो. हिची माय गेली, मंग मी दुसरं लगन केलं नाही. तिच्या जागी सुपारी ठेवीन. मले दुसरं कोणी नाही. एवढं करू द्या.”

नारायणरावांना नाही म्हणायचं होतं. डांग्या खोकल्यात रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरवलेली पोर होती ती. पण समोरच्या माणसाच्या हातातली टोपी थांबेना, आणि तोंडून वर्गातलंच वाक्य निघालं.

“मी कोण नाही म्हणणारा? नातं शेवटी रक्ताचंच. इथं रोज तेच शिकवतो मी.”

अर्जुनरावांचे डोळे भरून आले. विमल डिंकाच्या बाटलीकडे बघत होती.

“बाबा, नवी चिठ्ठी चिकटवू?” तिनं विचारलं.

“चिकटव.”

तिनं टिटव्यांच्या कपाटात पखुर्डीच्या नावाची चिठ्ठी नीट, चारही कोपरे दाबून चिकटवली.

घरी सत्यभामाबाईंनी ऐकून घेतलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

“त्यानं मांगतली अन् तुमी देऊन टाकली?”

“त्याचं कोणी नाही, सत्यभामा.”

“अन् आपलं कोन हाये?”

विमलशी बोलायला हवं, असं नारायणराव रोज ठरवत. रोज ती समोर ताट ठेवी, काय हवं नको ते विचारी, आणि बोलणं राहून जाई. शेवटी लग्नासाठी सगळे साखरखेर्ड्याला गेले.

कन्यादान करणाऱ्यांनी ते होईपर्यंत उपाशी राहायचं असतं. सकाळी पाहुण्यांत पोह्यांच्या बशा फिरल्या तेव्हा नारायणराव म्हणाले, पोट बरं नाही. सत्यभामाबाईंनीही आपली बशी शेजारच्या बाईकडे सरकवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मांडवात अर्जुनराव शेजारी सुपारी ठेवून बसले आणि त्यांनी पाणी सोडलं. नारायणराव गर्दीत मुठीत अक्षता घेऊन उभे होते. वाजंत्री जोरात होती आणि त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

निघताना विमल एकेकाच्या पाया पडत आली. अर्जुनरावांच्या गळ्यात पडून ती म्हणाली, “येते, बाबा.” ते ओक्साबोक्शी रडले. मग ती नारायणरावांसमोर आली. मी त्या दिवशी चुकीचं बोललो, हे वाक्य त्यांनी महिनाभर तोंडात घोळवलं होतं.

ती वाकली, पाया पडली आणि उभी राहिली.

“येते, मामाजी.”

साखरखेर्ड्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात. रागानं म्हणाली असती तर त्यांना सोसलं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हता. चुकलेलं उत्तर सरांनी सांगितल्याप्रमाणे तिनं दुरुस्त करून आणलं होतं.

नारायणरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“सुखी राह्य,” ते म्हणाले. आत्याच्या नवऱ्यानं याहून जास्त काही म्हणायची रीत नव्हती.