सहाने भाग

आईच्या शिवणाच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर माझी दहावी भरते. त्या दिवशी ऑनलाइन तासाला बाईंनी विचारलं, "वर्तुळाचा परीघ सहासष्ट सेंटिमीटर. त्रिज्या किती?" मी सूत्र आठवत होते, तोच मागून आई मशीन थांबवून म्हणाली, "अगं, सहाने भाग आणि अर्धा सेंटिमीटर काढून टाक! साडेदहा. घेराच्या झग्याची कंबर आम्ही अशीच कापतो."

माझा माइक चालू होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरोबर!" बाई ओरडल्याच. "कोण बोललं?"

"आई," मी पुटपुटले.

"मग दाखवू देत की सगळ्यांना!"

आईने कापडाची चौघडी घातली, कोपऱ्यापासून टेप फिरवत खडूने कमान काढली, कापली आणि कापड उलगडलं. मधोमध गोल भोक! त्याच्या काठाने टेप लावला, तर बरोब्बर सहासष्ट. चाळीस जणांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नववीत शाळा सुटलेली माझी आई लाजून लालबुंद झाली.

दुसऱ्या दिवशी मी तासाच्या अर्धा तास आधी दुकानात पोचले. माझ्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडलेली होती. तिच्यावर बसलेली आई, हातात कोरी वही घेऊन, माझ्यावरच खेकसली, "किती गं हा उशीर!"