खंडेनवमीला सुटलेला बार

ते २०२२ साल होते, मित्रांनो, आणि नवरात्र चालू होते. तोक्योच्या ओजिमा भागातल्या एका घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर, माझ्या पोटातले स्क्रू एकेक करून निघत होते.

मी रिव्हॉल्व्हर आहे, जुने आणि खेळण्यातले. याच शहरातल्या एका लहान कारखान्यात वितळलेल्या जस्तातून माझा जन्म झाला. इथला कायदा कडक. माझ्यासारख्या धातूच्या खेळण्याची नळी बुजवलेली हवी आणि रंग पिवळा किंवा पांढरा. मला पिवळा मिळाला. टिकली भरून चाप ओढला की ‘ठो’ होते, एवढीच माझी करामत. एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला कितीतरी वर्षे काचेमागे जपले. काचेला नाक लावणारी मुले मला अजून आठवतात. दुकान बंद झाले तेव्हा पुण्याहून इथे नोकरीला आलेल्या शैलेंद्रने मला मराठी मंडळाच्या नाटकासाठी घेतले.

नाटकातली खाष्ट आत्याबाई शेवटी गोळी झाडते. ते काम शैलेंद्रच्या आईचे, सिंधूताईंचे होते. तरुणपणी त्या रंगमंचावर उभ्या राहत. लग्नानंतर ते सुटले ते सुटलेच. आता हौस परत आली होती, पण बोटांत संधिवात होता.

“आई, गोळी झाडताय की लोणच्याची बरणी उघडताय?” सून अनघा म्हणाली.

“बरणी तरी उघडते गं! हे मेलं हलत नाही.”

म्हणून शैलेंद्रने मला उघडले आणि मऊ स्प्रिंग बसवली. “घे आई, आता नुसतं बोट टेकव.” मग, पिवळे पिस्तूल पाहून प्रेक्षक हसतील म्हणून त्याने माझ्या अंगाला काळे बूटपॉलिश चोळले.

“काळं कशाला?” अनघाचा आवाज चढला. “आपला कायमच्या वास्तव्याचा अर्ज सरकारकडे पडून आहे. कुणी खरं समजलं तर?”

“घरातच तर आहे. पुसून टाकीन.”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सिंधूताईंनी पाटावर सुऱ्या, किसणी, शैलेंद्रचा लॅपटॉप मांडला आणि मलाही ठेवले. हत्यारांची पूजा, मग मला वगळून कसे चालेल? सगळ्यांना कुंकू लागले. तालमीतली एक टिकली माझ्यात राहिली होती, घोडाही चढवलेलाच होता. कुणीच पाहिले नव्हते.

दारावरची घंटा वाजली. शेजारच्या इशिकावासान सोसायटीच्या सूचनांची घरोघर फिरणारी पाटी घेऊन आल्या होत्या. अनघाने दार उघडले आणि त्याच क्षणी सिंधूताईंनी वाहिलेल्या शेवंतीचा देठ माझ्या चापात अडकला. त्यांनी तो हलकेच ओढला.

ठो!

इशिकावासाननी काय पाहिले? धूर, काळे रिव्हॉल्व्हर आणि लाल ठिपक्यांच्या सुऱ्या. पाटी हातातून पडली आणि त्या धावत सुटल्या.

थोड्याच वेळात दोन पोलीस आले. एकाने हातमोजा घालून मला उचलले. रंग पक्का असेल तर तो गुन्हा. मग नोकरी, घर, तो अर्ज, सगळेच गेले. “रंग कोणी दिला?” त्याने विचारले. ऑफिसात झरझर जपानी बोलणारा शैलेंद्र गडबडून मराठीतच सांगू लागला. मला वाटले, आता आपल्यामुळे हे घर उठणार.

तेवढ्यात सिंधूताई पुढे झाल्या. त्यांना जपानीचा एक शब्द येत नव्हता. दाराजवळून त्यांनी मुलाचा बूट आणला, पॉलिशची डबी आणली आणि पोलिसांसमोर मूक अभिनय सुरू केला. वाकडे बोट, न हलणारा चाप, खो खो हसणारे प्रेक्षक, पॉलिश चोळणारा मुलगा, देवापुढे जोडलेले हात. शेवटी स्वतःचेच कान पकडले.

पोलिसाने अंगठा माझ्यावर घासला. खालून पिवळा रंग दिसला. त्याने विजेरीने नळी पाहिली. बुजलेली होती. तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

तरी मला चौकीत नेलेच. शैलेंद्रला पुन्हा पुन्हा जबाब द्यावे लागले. जुनी स्प्रिंग बसवून मला परत केले. अर्जाचे उत्तर फार लांबले, अखेर होकार आला. मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला गेलेल्या अनघाशी इशिकावासान पुढे चांगल्या बोलू लागल्या, पण आमच्या उंबऱ्याच्या आत त्या कधी आल्या नाहीत. नाटकात पडद्यामागे फळ्या आपटून आवाज काढला. टाळ्या सिंधूताईंना मिळाल्या. त्या पुण्याला परतल्या आणि गेल्या वर्षी वारल्या. मी अजून कपाटात आहे, पिवळेधमक.

मित्रांनो, माझ्यासारखे खेळणे हाती आले, तर आधी ते रिकामे आहे का पाहा. आणि माझा चाप जड आहे म्हणून कंटाळू नका. कारखान्यातल्या माणसाने तो मुद्दाम तसा केला होता. ओढता ओढता बोट थांबवायला वेळ मिळावा, म्हणून.