राहुटीत उतू घातलेलं दूध

ज्योतीरामला राहुटीचं वेड लागलं ते साहेबामुळे. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात तो कामाला होता, आणि तिथे परदेशातून आलेला एक साहेब सुट्टी मिळाली रे मिळाली की बायकामुलांना घेऊन डोंगराकडे निघून जायचा. तिथे म्हणे ती मंडळी कापडाच्या घरात राहायची, दगडांवर स्वयंपाक करायची आणि तांबडीलाल होऊन परत यायची. चांगला बंगला सोडून माणसं उघड्यावर जातात आणि वर खूश होऊन येतात, हे ज्योतीरामच्या डोक्यातून काही जाईना. त्यात त्याच्या थोरल्या भावाने, मालोजीने, देहूरोडच्या लष्करी डेपोच्या लिलावातून एक जुनी राहुटी आणून ठेवली होती. पावसाळ्यात जळणावर टाकायला बरी, एवढाच त्याचा हेतू. ती खुंट्या-दोरांसकट धड आहे हे पाहिल्यावर धाकट्याने एका संध्याकाळी जाहीर केलं, की या सुट्टीत आपणही जायचं.

दोघे भाऊ राहत होते त्या चिंचवडच्या चाळीभर बातमी झाली आणि जो तो सल्ला द्यायला पुढे सरसावला. ज्यांनी जन्मात अंगणातसुद्धा रात्र काढली नव्हती ते सगळ्यात जास्त बोलत होते. कंपाउंडर सोपानराव म्हणाले, पाणी उकळल्याशिवाय ओठाला लावू नका आणि हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या जवळ ठेवा. शेजारच्या मंजुळाबाईंनी उशाखाली विळा ठेवायला सांगितला, कारण लोखंड जवळ असलं की रानातलं काही जवळ येत नाही. एकाने मच्छरदाणी न्या म्हणून बजावलं, तर दुसऱ्याने मच्छरदाणीत साप गुरफटला तर काय कराल असं विचारून ती बेतातूनच काढून टाकली.

कामाचं बोलले ते एकटे नानासाहेब. ते फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, अर्धं आयुष्य तंबूत गेलेलं. राहुटी झाडाखाली ठोकू नका, वाळकी फांदी सांगून पडत नाही, असं त्यांनी समजावलं. वाऱ्याकडे राहुटीची पाठ करा. तिन्हीसांजेला दोर सैल करा, कारण दहिवराने दोर आखडतो आणि खुंटी उपटून काढतो. एवढं ज्योतीरामला सांगून झाल्यावर ते त्याच्या बायकोकडे, कुसुमताईकडे वळले.

"आणि सूनबाई, घर बरोबर नेऊ नका. दोन दिवसांची राहुटी. तिच्यात संसार मांडला, की माणूस वैतागतो."

कुसुमताईने पदर सावरून मान डोलावली. पण तिच्या मनात तेव्हा पातेली रचून झाली होती, आणि पाण्याची घागर दाराच्या उजव्या हाताला ठेवायची हेही ठरलं होतं.

कारण तिला स्वतःचं असं घर कधी मिळालंच नव्हतं. पुण्यात वाढलेली मुलगी लग्न करून चिंचवडच्या त्या खोलीत आली, तेव्हा तिथली चूल, डबे, खुंट्या, सगळं थोरल्या जावेच्या, शालनबाईच्या हाताने लागलेलं होतं. शालनबाई वाईट असती तर गोष्ट सोपी झाली असती. भांडून वेगळं होता आलं असतं. पण ती वाईट नव्हती. बार्शीकडची, आडव्या हाडाची, मायेची बाई. तिला मूलबाळ नव्हतं. कुसुमताई बाळंत झाली आणि महिनोन्‌महिने तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा तान्ह्या गोदीला शालनबाईने शेळीचं दूध पाजून जगवलं. तेव्हापासून गोदी झोपायची ती शालनबाईच्या कुशीत. आता पोर चार वर्षांची झाली होती, शालनबाईला आई म्हणायची आणि स्वतःच्या आईला, घरातली बाकीची माणसं म्हणत तसं, नुसतं कुसुम. चाळीला त्याची गंमत वाटे. कुसुमताईही हसायची, आणि मग नळावर जाऊन उगाच पुन्हा एकदा भांडी घासायची.

त्यातच कारखान्याच्या वसाहतीत नवीन खोल्या बांधून तयार झाल्या आणि ज्योतीरामचं नाव लागलं. हवी की नको, ते सोमवारी सांगायचं होतं. ही गोष्ट त्याने फक्त बायकोच्या कानावर घातली होती आणि सगळा भार तिच्यावर टाकून मोकळा झाला होता. दादाला तोंड वर करून सांगणं मला जमायचं नाही, तू म्हणशील तसं करू, असं त्याचं म्हणणं. नवरे अशा वेळी फार उदार होतात. कुसुमताईला खोली हवी होती, आणि खोलीपेक्षाही आपली पोर हवी होती. पण ज्या बाईने ती जगवली तिच्याच कुशीतून तिला काढायची कशी, याचं उत्तर तिला सापडत नव्हतं.

जागा भैरूने दिली. भैरू चऱ्होलीचा, चाळीत सायकलवरून दूध घालायचा. त्याच्या रानाखाली इंद्रायणीच्या काठाला सपाट गवताची पट्टी होती. न्यायला तो बैलगाडी घेऊन आला. शालनबाईने चटणी, भाकरी, पीठ, मीठ सगळं बांधून दिलं, पण स्वतः आली नाही. मालोजीची कामाची पाळी होती आणि त्याचा डबा कोण करणार. गोदी गाडीत हसत चढली. शालनबाई मागच्या गाडीने येणार अशी तिची समजूत होती आणि ती कुणी मोडली नाही.

राहुटी उभी करताना भैरूने आणि ज्योतीरामने बराच घाम गाळला. दार पूर्वेला असावं एवढाच कुसुमताईचा हट्ट होता. राहुटी ताठ झाली तशी ती आत गेली, चारी बाजूंनी फिरून आली आणि भैरूच्या गोठ्यातलं शेण मागून घेऊन आतली जमीन सारवायला बसली. पौषातला गारठा, त्यात वर कापडाचं छप्पर. ते सारवण वाळणार कधी? संध्याकाळी घोंगडी अंथरली तर तिला हिरवा रंग चढला. ज्योतीराम पोट धरून हसला. तीही हसली, कारण चूक असली तरी ती तिच्या एकटीची होती आणि तिच्यावर बोलायला दुसरं कुणी तिथे नव्हतं.

दारासमोर तिने तीन दगड मांडून चूल केली. भैरूच्या बायकोने धारोष्ण दुधाचा तांब्या भरून दिला होता. ते तिने पातेल्यात ओतलं, पातेलं चुलीवर चढवलं आणि जाळ सारून समोर बसून राहिली. दूध तापलं, कडेने फेस धरू लागलं, वर आलं. आता पातेलं उचलायला हवं होतं. जन्मभर तिने दूध उतू जाऊ दिलं नव्हतं. पण तिचा हात उठला नाही. दूध काठावरून पूर्वेच्या अंगाला ओघळलं, निखाऱ्यावर चरचरलं, आणि जळक्या दुधाचा वास काठभर पसरला.

नव्या घरात पाऊल टाकलं की पहिलं दूध उतू घालतात. हे ज्योतीरामला ठाऊक होतं आणि जळण घेऊन आलेल्या भैरूलाही. भैरूने तर चुलीला हात जोडले आणि वास्तुशांत हाय का काय, म्हणून भाबडेपणाने विचारलं. ज्योतीरामचं हसू मावळलं. भैरू गेल्यावर त्याने बायकोला हलक्या आवाजात विचारलं, लक्ष नव्हतं का तुझं.

"लक्ष होतं," ती म्हणाली. "मला घालायचंच होतं."

ती रात्र काही चांगली गेली नाही. बोलण्याच्या नादात दोर सैल करायचे राहिले, दहिवराने ते आखडले आणि राहुटीची एक बाजू खाली बसली. त्याचं काही नाही, ती कशीबशी सावरली. पण गोदीने आई पाहिजे म्हणून जो सूर लावला तो कशाने थांबेना. कुसुमताईने तिला खांद्यावर घेऊन फिरवलं, पाठीवर थोपटलं, येत होती तेवढी गाणी म्हटली. पोर तिच्या तोंडाकडे बघायची आणि तू नाही, आई, असं म्हणून पुन्हा हुंदके द्यायची. पहाटेच्या सुमारास थकून झोपली तीसुद्धा बापाच्या खांद्यावर.

सकाळी भैरू दूध घेऊन चिंचवडला गेला. तो बराच लांब गेल्यावर कुसुमताईच्या ध्यानात आलं, की हा गडी दूध घालायला शालनबाईच्या दारात उभा राहणार आणि याच्या पोटात काही राहत नाही. सकाळभर ती भांडी इकडची तिकडे करत राहिली. मनात जे होतं ते जावेला आपल्या तोंडून कळायला हवं होतं, दूधवाल्याच्या नव्हे.

दुपार कलायच्या आत बांधावरून शालनबाई येताना दिसली. चालत आली होती. पायांवर घोट्यापर्यंत धूळ. गोदी ओरडत धावली आणि तिला बिलगली. शालनबाईने तिला कडेवर घेतलं, राहुटीकडे एकदा नजर टाकली आणि येऊन चुलीपाशी बसली. दगडावर दुधाचे करपलेले ओघळ होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

रथसप्तमी आलीच ना वहिनी, म्हणून आपलं, असं काहीतरी ज्योतीरामने सुरू केलं. रथसप्तमीला सूर्याला दूध उतू घालतात खरं. पण पुष्कळ अवकाश हाय भावजी अजून, असं शालनबाईने शांतपणे म्हटल्यावर त्याला खुंट्या ठोकायच्या आठवल्या आणि तो राहुटीच्या पलीकडे गेला.

"नव्या घरात घालत्यात दूध," शालनबाई म्हणाली. "कुठं हाय घर?"

मग कुसुमताईने सगळं सांगितलं. वसाहतीतली खोली, सोमवारचा वायदा, आपलं मन, नवऱ्याला वाटणारी दादाची भीती. काही लपवलं नाही. सांगताना मान खाली होती, पण आवाज थरथरला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

शालनबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, की मी भांडायलाच निघाले होते. वाटेने एकटीच तोंडाने बोलत आले, काय काय बोलायचं ते. चऱ्होलीची वेस येईतो सगळं बोलून झालं आणि आता काही उरलं नाही. एवढं सांगून तिने गोदीच्या केसांतलं गवत काढलं. त्या बोटांकडे बघताना कुसुमताईला राहवलं नाही.

"अक्का, मला माझी पोर पाहिजे," ती म्हणाली. "पण तुमच्याकडून हिसकावून नको. कशी घेऊ ते तुम्हीच सांगा."

पलीकडे खुंटीवर दगडाचा ठोका पडत होता, तो थांबला. रात्रभर जागलेल्या गोदीचे डोळे शालनबाईच्या मांडीवर मिटायला लागले होते.

"रात्री झोपली का ही?"

"नाही."

"कुठं थोपटलंस?"

"पाठीवर."

"पाठीवर न्हाई झोपत ती." शालनबाईने गोदीला उचललं आणि कुसुमताईच्या मांडीवर ठेवलं. पोर कुरकुरली, हात पुढे केले. शालनबाईने ते हात धरले नाहीत. तिने कुसुमताईचा हात धरला आणि गोदीच्या तळपायावर ठेवला. "हितं. बोटं फिरव, हळू. आन्‌ गाणं म्हणू नगंस. गाण्यानं ती जागी ऱ्हाते."

कुसुमताई बोटं फिरवत राहिली. पोरीची कुरकुर हळूहळू कमी झाली, मूठ सैल झाली, श्वास लांबला. चार वर्षांत तिची लेक पहिल्यांदा तिच्या हाताने झोपत होती, आणि ते तिला दुसऱ्या बाईने शिकवलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

शालनबाई पूर्ण झोप लागेपर्यंत बसली. मग उठली, लुगडं झटकलं. ह्यांना मी सांगते, तुम्ही सोमवारी हो म्हणा, एवढं बोलून ती निघाली.

"गोदी उठेपर्यंत तरी थांबा, अक्का."

"ती उठायच्या आत गेलं पायजे. उठली की मला हाक मारंल. तवा ओ द्यायला तू असायची, मी न्हाई."

ती बांधावरून गेली. वळणापर्यंत तिने मागे पाहिलं नाही. कुसुमताईला उठून तिच्यामागे धावावंसं वाटलं. पण मांडीवर पोर झोपली होती, आणि बोटं थांबवायची तिला भीती वाटत होती.