पट्टीच्या पलीकडची जागा

मासेमोजणीच्या जहाजावर चौदाव्यांदा जाळं वर आलं तेव्हा समोरचं कॅम्पबेल बेट धुक्यात बुडालं होतं. लॅकीच्या मोजपट्टीपाशी मागच्या खेपेचे दोन टोपल्या होकी मासे अजून मोजायचे पडले होते.

"म्हातारबा, मोजतोयस की त्यांची लग्नं जमवतोयस?" मुकादम फेतू म्हणाला. बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली आणि तो उगाच दोराशी खुडबुड करायला लागला.

लॅकीनं पुढचा मासा उचलला. मासा पट्टीवर आडवा ठेवायचा, नाक टोकाला भिडवायचं, शेपटीपाशी पेन टेकवायचं. पट्टी टिंग करते आणि लांबी आपोआप नोंदली जाते. काम एवढंच. पण लॅकी पेन टेकवून आकडा मोठ्यानं बोलायचा आणि थांबायचा.

एकवीस मोहिमांत तो असाच आकडे बोलत आला होता. पलीकडे त्याची बायको नोलीन वही घेऊन उभी असायची. लिहिण्याआधी तोच आकडा परत म्हणायची. चूक राहू नये म्हणून तशी रीतच होती.

"एकाहत्तर."

"एकाहत्तर." एखाद्या वेळी, "एकाहत्तर? एवढासा मासा? डोळे आहेत की बटणं?"

मार्चमध्ये नोलीन वारली. जूनमध्ये ही नवी पट्टी आली. आता पलीकडे कुणी लागत नव्हतं.

मोहीमप्रमुख वायमारी हातमोजे काढत आली. वयानं लॅकीच्या मुलीएवढी.

"लॅकी, अजून साठ ठिकाणी जाळं टाकायचंय. चिठ्ठ्या टाकून ठरवलेली ठिकाणं आहेत, सोयीची तेवढी घेऊन चालत नाही. काही राहिली तर समुद्रात मासा किती उरलाय ते कुणाला सांगता येणार नाही."

"माहीत आहे."

"त्या पट्टीला कान नाहीत."

"तेही माहीत आहे."

ती जरा घुटमळली. "ही खेप वेळेत झाली नाही तर पट्टीवर दुसरं कुणी उभं करते. तुम्ही मासे निवडायच्या टेबलावर या. तिथं चार माणसं आहेत, गप्पा असतात."

"बरं," लॅकी म्हणाला.

त्याला गप्पा नको होत्या. पट्टीच्या पलीकडे दीड हात जागा होती. तिथं उभं राहून राहून नोलीनच्या बुटांनी रंग घासला होता. ती जागा त्याला समोर हवी होती.

त्यानं ओठ मिटले आणि मासा उचलला. टिंग. दुसरा. टिंग. हात भराभर चालू लागले. आकडा घशापर्यंत यायचा, तो गिळायचा. मागच्या दोन टोपल्या संपल्या, नव्या चार संपल्या. पुढचं जाळं पाण्यात जायच्या आत टेबल रिकामं झालं.

"हे ठीक झालं," वायमारी म्हणाली. "पट्टी तुमचीच. चला, चीज रोल गरम आहेत."

"आलोच."

सगळे आत गेले. लॅकीनं पट्टी बंद करून धुतली. मग मोजून झालेल्या टोपलीतला वरचा मासा उचलून पट्टीवर ठेवला, नाक टोकाला भिडवलं.

"त्रेसष्ट," तो म्हणाला.

तो थांबला. खाली इंजिन धडधडत होतं. घासलेल्या रंगावर पाणी इकडून तिकडे जात होतं.

"त्रेसष्ट," त्यानं स्वतःच म्हटलं आणि मासा परत टोपलीत टाकला.